नीळ जरा जास्त

डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर मला पहिल्यांदा दिसला तो आमच्या ह्यांचा सदरा. मी म्हटलं, "हा नवा कधी घेतलात?" सुमंतराव हसायलाच लागले. "चार वर्षं झाली. गोदौलियाच्या दुकानात तूच पसंत केलास. बदामी शोभतो म्हणालीस." सदरा बदामी नव्हता. पांढरा होता, चांगला खडखडीत पांढरा, आणि चार वर्षं मी त्याला बदामी म्हणून धुतला, वाळवला, इस्त्रीला दिला. चाळीस वर्षं पोरींना रंग शिकवणारी बाई आणि घरातल्या सदऱ्याचा रंग तिला ठाऊक नाही! मोतीबिंदू उजव्या डोळ्याचा निघाला होता, डाव्याचा पुढच्या मंगळवारी निघायचा होता. मधले हे सहा दिवस माझ्याकडे दोन डोळे दोन जातीचे होते. दिवसभर मी एक मिटून दुसऱ्याने बघत बसले. उजव्याने बघितलं की दूधविनायकाच्या गल्लीतल्या चुन्याच्या भिंती निळसर, थंड. डाव्याने बघितलं की त्याच भिंती चहाच्या पाण्यात बुडवून काढलेल्या. पाण्याची टाकी, समोरच्या गच्चीवरचं लुगडं, पंचांगावरचा तांबडा आकडा, सगळ्याची अशी तपासणी झाली. शेवटी सुमंतराव म्हणाले, "आता पुरे कर. समोरचे चौबेजी बिचारे आत निघून गेले. त्यांना वाटतंय तू डोळा मारतेस."

मी हसले खरी, पण मनात एक गोष्ट सकाळपासून ठसठसत होती आणि तिच्याकडे जायचं मी टाळत होते. फडताळात रंगांचा डबा होता. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी केलेला, चोवीस खणांचा सागवानी डबा. प्रत्येक खणात सुपारीएवढी एक मातीची गोळी, प्रत्येक गोळी एका रंगाची. रंग वरून फासलेला नाही, मातीत मळलेला. गोळी फोडली तर आतही तोच रंग निघणार. गेली तीन वर्षं हा डबा मला फिका, मेलेला दिसत होता. त्यातले पाच निळे तर नुसते राखेसारखे. मी ते करताना चांगले झणझणीत मळायची, आणि सुकून डब्यात आले की त्यातला जीव गेलेला असायचा. माझा हात गेला, असं मी ठरवून टाकलं होतं. दिवाळीनंतर शाळेतला शनिवारचा वर्ग माझ्या हाताखाली शिकलेल्या कस्तुरीने घ्यायचा, असं मी तिला आणि शाळेच्या मोठ्या बाईंना सांगूनही टाकलं होतं. आता नव्या डोळ्याने तो डबा उघडायचा म्हणजे आपल्या नापास झालेल्या पेपरावरचे गुण चष्मा लावून वाचण्यासारखं होतं.

माझी शिकवायची रीत मुळात आप्पांची. नीलकंठ मास्तर म्हणून ते आमच्या लोकांत ओळखले जायचे. एका शाळेत ड्रॉइंग शिकवायचे आणि रविवारी सकाळी आमच्याच अंगणात गल्लीतल्या मराठी पोरांना बसवायचे. कागद नाही, ब्रश नाही. खडियाची पांढरी माती, तांबडा गेरू, पिवळी रामरज आणि कपड्यांना घालायची नीळ, एवढंच भांडवल. तांबडं, पिवळं, निळं, तीन गोळे पोरांच्या हातात द्यायचे आणि म्हणायचे, हिरवा करून दाखवा. मापं घरातली: आवळा, बोर, मिरीदाणा. आवळ्याएवढ्या पिवळ्यात आवळ्याएवढी नीळ घातली की पिवळा कुठल्या कुठे जायचा. आप्पा म्हणायचे, "पिवळा म्हणजे कणीक, निळा म्हणजे तिखट. तिखट कुणी वाटीने घालतं का?" मग पोरं बोराएवढा निळा घ्यायची. मळता मळता मधेच आप्पा ओरडायचे, "थांबा!" तेव्हा हातात अर्धा पिवळा, अर्धा निळा, रेघारेघांचा गोळा असायचा. तो लांब धरा, अजून लांब, म्हणायचे. हात लांब गेला की रेघा दिसेनाशा होऊन डोळ्याला हिरवा दिसायचा, जवळ आणला की पुन्हा पिवळा आणि निळा. हिरवा हातात होतो की डोळ्यात होतो, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. मीही सांगत नाही. माझ्या शाळेतली एक चिमुरडी एकदा म्हणाली, "मैम, हरा तो अंदर ही था, हमने बस निकाला." भिंतीवर गोल चक्राचा तक्ता टांगून शिकवणाऱ्यांना असं उत्तर मिळत नाही, हे मी शाळेत मोठ्याने म्हटलेलं आहे आणि त्यामुळे शाळेत माझ्यावर फारसं कुणाचं प्रेम नाही.

डब्याचा एक नेम होता, तोही आप्पांचाच. गणपती विसर्जनाला निघाला की डब्यातल्या चोवीस गोळ्याही त्याच्याबरोबर गंगेत जायच्या. देव दरवर्षी नवा, तर रंगही नवे. जुनी गोळी समोर ठेवून तिच्यासारखी दुसरी करायची नाही. ती नक्कल झाली. रिकामा डबा समोर ठेवायचा, डोळे मिटून रंग आठवायचा आणि आठवणीला हात भेटेपर्यंत मळत राहायचं. ओल्या गोळीचा रंग खोटा असतो, ती गडद दिसते. सावलीत चार दिवस सुकली की उजळते आणि खरा रंग सांगते. तोवर धीर धरायचा. प्रत्येक गोळीवर शेवटी अंगठा दाबायचा, करणाऱ्याची सही म्हणून. आप्पा पोरांच्या हातात गोळी देताना आधी स्वतःचा अंगठा त्या खळग्यात ठेवायचे आणि मग द्यायचे. सवयच होती. त्यांचा अंगठा रुंद, चपटा, नखाच्या कडेला कायम नीळ साचलेली. आई म्हणायची, ह्या माणसाने वरण कालवलं तरी ते निळं होईल.

संध्याकाळी सुमंतरावांनी डोळ्यात थेंब टाकले, मी दहा मिनिटं डोळे मिटून पडले, मग उठले आणि डबा उघडला. आधी सवयीने डाव्या, जुन्या डोळ्याने बघितलं. फिका, राखेसारखा, रोजचाच. मग तो मिटला आणि उजवा उघडला. निळे निळेच होते. आसमानी तो आसमानी, जांभळाकडे झुकणारा तो तसाच, शेवाळी हिरव्यातला निळाही हवा तेवढाच. नीळ कुठे कमी नाही, कुठे जास्त नाही. पाचही गोळ्या अशा नेमक्या की मला त्या उचलून गालाला लावाव्याशा वाटल्या. हात गेला नव्हता! मी सुमंतरावांना हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण हिशेब जुळत नव्हता. त्या गोळ्या मी भाद्रपदात केल्या तेव्हा माझे दोन्ही डोळे चहाच्या पाण्यातले होते. त्या डोळ्यांना निळा दिसायचाच नाही, म्हणून मी नीळ वाढवत गेले असणार. माझ्या हातची गोळी जुन्या डोळ्याला बरोबर आणि नव्या डोळ्याला भडक दिसायला हवी होती. इथे सगळं उलटं होतं. जुन्याला फिकी, नव्याला बरोबर. म्हणजे ही गोळी ज्याने केली त्याचे डोळे तरुण होते. मी एक निळी गोळी उचलून तिच्या खळग्यात अंगठा ठेवला. बसला नाही. खळगा अरुंद होता, बारीक, मुलीच्या अंगठ्याचा. बाकीच्या सगळ्या खळग्यांत माझा अंगठा बसत होता.

तीन वर्षं गोळ्या सुकवायला कस्तुरीच्या घरी जात होत्या. पावसाळ्यात आमच्या घराला ओल येते, तिच्या खोलीला वारा आहे, म्हणून तीच म्हणाली होती, "मावशी, मी घेऊन जाते, चार दिवसांत आणून देते." कस्तुरी माझीच विद्यार्थिनी, दहा वर्षांची असताना मांडीवर माती सांडत शिकली, आता फाइन आर्ट्सची पदवी घेऊन शनिवारी मला मदत करते. तिने ताटात माझे भडक निळे बघितले असतील, मोडून पुन्हा मळले असतील आणि गुपचूप आणून ठेवले असतील. मला दुखवायचं नव्हतं तिला. हे मला इतकं लख्ख कळलं, कारण कुठली मुलगी असं का करते हे या जगात माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

चाळीस वर्षं झाली. आप्पा तेव्हा साठीचे होते आणि त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. पिकू दे म्हणायचे, आंबा आहे का तो घाईने उतरवायला. मी पंचविशीची, डोळे सुईत दोरा ओवणारे. त्या वर्षी त्यांनी केलेले निळे बघून मला लाज वाटली. शब्द तोच होता, लाज. इतका भडक, उघडावाघडा निळा की रविवारी पोरं हसतील. एकदा मी म्हटलं, "आप्पा, नीळ जरा जास्त झाली का?" ते ताटावर वाकले, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "छे! जेमतेम आहे." मला पुन्हा बोलायचा धीर झाला नाही. ते दुपारी जेवून आडवे झाले की मी गच्चीवर जायची. तीन दुपारी लागल्या. मोडून, खडिया घालून, पुन्हा मळून मी पाचही निळे माझ्या डोळ्यांना बरोबर वाटतील असे केले. गोष्ट अडली ती अंगठ्यावर. माझा अंगठा बारीक, त्यांचा रुंद. लाटण्याचं टोक लावून बघितलं, उलथन्याची दांडी लावून बघितली. शेवटी गच्चीच्या कठड्याला टेकून मी गोळीवर पायाचा अंगठा दाबला. दिसायला अगदी हुबेहूब. मग रंगाला पाय लागला म्हणून प्रत्येक गोळीला नमस्कार केला. पाच गोळ्या, पाच नमस्कार. त्या वेळी मला स्वतःच्या अकलेचं केवढं कौतुक वाटलं होतं, झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत मी जिना उतरले होते.

त्या रविवारी आप्पांनी डबा उघडला, निळ्या गोळ्या एकेक करून हातात घेतल्या आणि पुन्हा ठेवल्या. पोरांना त्या दिवशी गेरूचंच काहीतरी करायला दिलं. संध्याकाळी आईला म्हणाले, "हातातून नीळ उडते आता." पुढचे दोन-तीन रविवार ते बसले, पण "थांबा" असं ओरडले नाहीत. दिवाळीत त्यांनी डबा माझ्याकडे दिला. मी म्हटलं, आप्पा, असं काय करता, तुम्ही शिकवा. ते म्हणाले, "तुझे डोळे चांगले आहेत. तू कर." मला ते आशीर्वादासारखं वाटलं. आत्ता आत्तापर्यंत वाटत होतं. त्यानंतर सात वर्षं ते होते. घाटावर जायचे, राजा घाटाच्या पायऱ्यांवर बसायचे, पेपर वाचायचे, माझा वर्ग चालू असला की बाहेर निघून जायचे. मातीला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. मणिकर्णिकेवर त्यांना नेलं तेव्हा त्यांच्या नखाच्या कडा स्वच्छ होत्या. एवढी एकच गोष्ट त्या दिवसातली मला नीट आठवते, आणि तेव्हा मी ती आजारपणाच्या खात्यावर टाकली होती.

आणि आता कस्तुरीची गोळी हातात धरून, तिच्या खळग्यात न बसणारा माझा अंगठा बघत मी पलंगावर बसले होते आणि मला आप्पांचा अंगठा आठवला. आप्पा गोळी घेतली की खळग्यात अंगठा ठेवायचे. नेहमी. डोळ्यांनी त्यांना रंग दिसत नव्हते, पण अंगठा काही आंधळा नव्हता. पायाच्या अंगठ्याचा ठसा आणि हाताच्या अंगठ्याचा ठसा बघणाऱ्याला सारखा वाटेल, ठेवणाऱ्याला कसा वाटेल? त्यांना कळलं होतं. पहिल्याच रविवारी कळलं होतं. हातातून नीळ उडते, हे त्यांनी आईला सांगितलं ते मला ऐकू यावं म्हणून. मी तेव्हा स्वयंपाकघरात होते, मला ऐकूही आलं होतं. मी बोलेन याची ते वाट बघत होते. दोन-तीन रविवार त्यांनी वाट बघितली. मी बोलले नाही, मग त्यांनी डबा दिला. त्यांचा हात गेला नव्हता आणि वर्गही डोळ्यांमुळे सुटला नव्हता. आपली लेक आपल्याला खरं सांगण्याच्या लायकीचं समजत नाही, एवढं कळल्यावर माणूस पोरांसमोर कुठल्या तोंडाने बसेल? मी रडले. सुमंतराव धावत आले, "अगं, थेंब वाहून जातील!" म्हणाले, आणि मग काय झालं ते न विचारता शेजारी बसून राहिले. तेवढं त्यांना जमतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कस्तुरी आली. फळं घेऊन आली होती, पेशंटला आणतात तशी. मी तिला समोर बसवलं आणि डबा उघडा ठेवला. रात्री मला वाटलं होतं, काही बोलू नये. मुलगी चांगली आहे, दिवाळीनंतर वर्ग तिचाच आहे, कशाला तिचं मन मोडायचं. मग माझंच मला कळलं की ह्यालाच आप्पांचं गप्प बसणं म्हणतात, आणि ते मला वारशात नको होतं.

"ह्या निळ्या गोळ्या कुणाच्या?" मी विचारलं.

तिचा चेहरा पडला. दोन-तीनदा तिने माझ्या नव्या डोळ्याकडे आणि डब्याकडे बघितलं. "माझ्या," ती म्हणाली. "तीन वर्षांपासून. मावशी, मी सोचलं होतं सांगायचं. खरंच. पण तुम्ही इतक्या मनापासून मळायच्या... तुम्हाला बुरं वाटलं असतं."

"वाटलंच असतं."

"मग काय करणार होते मी? पोरींसमोर तुम्हाला कुणी काही बोललेलं मला नाही चालणार. तुम्ही माझ्या गुरू आहात." ती रडायच्या बेताला आली होती. "आणि तुम्ही वर्ग सोडते म्हणालात ना, तेव्हापासून मला नींदच येत नाही. मला माहीत होतं कशामुळे सोडताय ते. पण तेव्हा सांगितलं असतं तर अजूनच..."

मला तिचा राग आला होता आणि तिला जवळही घ्यावंसं वाटत होतं. दोन्ही एकदम कसं करायचं ते न सुचल्याने मी तिला खडियाची पिशवी आणि निळीची पुडी काढायला सांगितली. माती भिजवली. मग मी नवा डोळा हाताच्या तळव्याने झाकला आणि तिला म्हटलं, मी सांगेन तशी नीळ घालत जा. तिने मिरीदाण्याएवढी घातली. मी एका हाताने मळलं. जुन्या डोळ्याला राख दिसली. अजून, म्हटलं. बोराएवढी घातली. अजून. कस्तुरी म्हणाली, "मावशी, बस झाली." मी म्हटलं, घाल. माती बोटांत चिकट, थंड होती, नखांच्या कडांत नीळ भरत होती, आणि मळता मळता एका क्षणी त्या चहाच्या पाण्यातून वर आल्यासारखा एक सुरेख, शांत निळा मला दिसला. कार्तिकातल्या सकाळचा, धुकं उठून गेल्यावरचा. जराही जास्त नाही. जेमतेम. मी नव्या डोळ्यावरचा हात काढला. हातात तोच होता, भडक, उघडावाघडा, चाळीस वर्षांपूर्वी ताटात बघून मी लाजले होते तो. आप्पांना तो असा कधी दिसलाच नव्हता. त्यांना तो धुकं उठून गेल्यावरचा दिसत होता, आणि मी तीन दुपारी बसून तो मोडला.

मग मी कस्तुरीला सगळं सांगितलं. गच्ची, दुपारची झोप, पायाचा अंगठा, पाच नमस्कार. सुमंतरावांनाही हे आजवर ठाऊक नव्हतं. ते दारात उभे राहून ऐकत होते. नमस्काराच्या ठिकाणी कस्तुरीला हसू आलं आणि तिने तोंडावर हात दाबला. मग ती हळूच म्हणाली, "आजोबांना कळलं असेल?"

"कळलं होतं. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. वर्ग त्यातच गेला." मी हाताची माती फडक्याला पुसली. "मंगळवारी दुसरा डोळा होईल. त्याच्यानंतरचा शनिवार मी घेणार आहे. दिवाळीनंतरचेही. मोठ्या बाईंना मी सांगेन. तू समोर बसायचं, आणि माझं चुकलं की तिथल्या तिथे सांगायचं."

"पोरींसमोर?"

"पोरींसमोरच. घरी नेऊन दुरुस्त करायचं नाही."

कस्तुरीने हातातल्या पुडीची घडी घातली, उलगडली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मग एक बात आत्ताच सांगू?"

"सांग."

"पांढरा. तुमच्या पांढऱ्यात पण नीळ आहे. खूप आहे. तो मी बदलला नाही, हिम्मतच नाही झाली. पोरी त्याला आसमानी म्हणतात."

पांढरी गोळी निळसर दिसते हे मी आदल्या संध्याकाळीच पाहिलं होतं आणि नव्या डोळ्याला सगळंच निळसर दिसतं म्हणून सोडून दिलं होतं. आता कानशिलं तापली. चाळीस वर्षं शिकवते आहे मी, तू मांडीवर माती सांडत होतीस तेव्हापासून, तुला काय कळतं पांढऱ्यातलं, असं सगळं एका दमात ओठांपर्यंत आलं. राग आला, चांगलाच आला. आप्पांनाही असाच आला असता. त्यांनी मला चार शब्द ऐकवले असते, दोन दिवस जेवताना बोलले नसते, आणि रविवारी सकाळी येऊन अंगणात बसले असते. एवढंच झालं असतं, फार तर एवढंच. मी डब्यातली पांढरी गोळी उचलली, पाण्याच्या वाडग्यात टाकली आणि खडियाची पिशवी कस्तुरीपुढे ढकलली.

"मळ," मी म्हटलं. "माझ्यासमोर."